दरवर्षीचा आरोपी

आमच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या वायरमनला सगळे मामा म्हणतात. पूर्वी मामा समोर नसले की त्यांना आरोपी म्हणत, आणि काही आगाऊ मुलं तर समोर असतानाही म्हणत. मामांना त्याचं काही वाटत नसे. "ओ आरोपी, तिसऱ्या वर्गातला पंखा नुसताच कुरकुरतोय," असं कोणी जिन्यातून ओरडलं की ते शिडी खांद्यावर घेऊन "आलो, आलो" करत निघायचे. मी इथली ग्रंथपाल. माझ्या टेबलावरून जिना, स्टाफरूमचं दार आणि मामांची शिडी टेकवायची जागा असं सगळं दिसतं. पुस्तकं मागायला फारसं कोणी येत नाही, त्यामुळे माणसं बघायला मला भरपूर वेळ असतो, आणि मतं बनवायलाही.

त्या नावाची गोष्ट अशी. आमच्या मुलांना एक विषय असतो, फौजदारी कायद्याची मूलतत्त्वे. पुढे ही मुलं तुरुंगात, सुधारगृहात, पोलीस चौकीत, कोर्टाच्या आवारात कामं करणार. गुन्हा कशाला म्हणतात, अटक कधी करता येते, जामीन कोणाला मिळतो, एवढं तरी त्यांना कळावं म्हणून तो विषय. शिकवतात त्या बाई. शिकवणाऱ्या इतर पुष्कळ आहेत, पण नुसतं बाई म्हटलं की याच. आधी त्या वकिली करायच्या. कोर्टातली दिरंगाई आणि लांड्यालबाड्या सोसवेनात म्हणून वैतागून इकडे आल्या, पण तिथला रुबाब सोबत घेऊन आल्या. त्यांनी खडू हातात घेतला की मागच्या बाकावरची कुजबुजही आपोआप बंद होते.

बाईंचा लाडका कार्यक्रम म्हणजे वर्षाअखेरीचं अभिरूप न्यायालय, आमच्या भाषेत खोटं कोर्ट. सभागृहातली टेबलं सरकवून पिंजरा करायचा, मुलांनी वकील, पोलीस, साक्षीदार व्हायचं आणि बाईंनी काळा झगा घालून न्यायाधीश. आरोपी व्हायला मात्र कोणीच तयार नसायचं. आईवडील बघायला येतात, फोटो निघतात, त्यात पिंजऱ्यात कोण उभं राहणार? पहिल्याच वर्षी बाई अशा डोक्याला हात लावून बसल्या होत्या आणि मामा शिडीवर चढून माइकची वायर जोडत होते. बाईंनी वर बघून विचारलं, "मामा, तुम्ही उभे राहता का?" मामा म्हणाले, "उभाच तर आहे की." तेव्हापासून दरवर्षी तेच.

गुन्हा दरवर्षी बदलायचा. कधी घड्याळाची चोरी, कधी मारामारी, कधी कोणाच्या दुकानाची काच फोडलेली. शेवट मात्र ठरलेला. बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "गुन्हा कबूल आहे?" मामा मान खाली घालून, हात पुढे बांधून म्हणायचे, "कबूल आहे." त्याला कारणही होतं. आमच्या मुलांचं काम खरं सुरू होतं ते गुन्हा शाबीत झाल्यावर. आरोपीच्या घरी जायचं, घरची परिस्थिती बघायची, शेजाऱ्यांशी बोलायचं, आणि या माणसाला तुरुंगात धाडण्यापेक्षा सुधारायची संधी द्यावी का, याचा सामाजिक अहवाल कोर्टापुढे ठेवायचा. मार्क त्या अहवालाला. आरोपी "कबूल नाही" म्हणाला तर साक्षी आणि उलटतपासण्यांतच दिवस मावळणार, अहवालाची पाळीच येणार नाही. एकदा एका चौकस मुलीने विचारलंही होतं, "बाई, एकदा तरी मामांना नाही म्हणू दे ना." बाई म्हणाल्या, "तू इथे वकील व्हायला आलीस की समाजकार्य करायला?" वर्ग हसला आणि ती मुलगी खाली बसली.

या अहवालांसाठी मुलं मामांची मुलाखत घेत, आणि गुन्हा खोटा असला तरी मामा उत्तरं खरी देत. त्यांचं आयुष्य आम्हाला कळलं ते असंच, हप्त्याहप्त्याने. वडील लहानपणीच गेले. आईने शिवणकाम करून वाढवलं. शाळा सुटली ती कायमचीच, आणि एका विजेच्या दुकानात हाताखाली राहिले. विद्या कशी आली, असं विचारलं की म्हणायचे, "झटके खाऊन." मामींशी लग्न झालं ते त्यांच्या घरची बेल दुरुस्त करायला गेले असताना जमलं. बेल तीनदा बिघडली होती आणि ती कोण बिघडवत होतं हे मामी अजून सांगत नाहीत. एक लेक, ती लग्न होऊन लांब. मुलं हे सगळं लिहून घेत आणि मार्कांच्या हावेने त्यात पदरचं घालत. एका पोराने तर मामांच्या आईला मारूनच टाकलं होतं. तेव्हा म्हातारी घरात खणखणीत होती आणि मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. मामांनी मला हळूच सांगितलं, "ताई, छान लिहिलंय हो त्याने. फक्त आईला कळू देऊ नका."

मामांना मुळातच लाज फार. चहाबरोबर दुसरं बिस्किट घेताना इकडेतिकडे बघतील. वर्ग चालू असताना ट्यूब बदलायची वेळ आली तर शिडीवरून खाली येईपर्यंत तीनदा "माफ करा" म्हणतील. हातून बल्ब फुटला तर बल्बाचीही माफी मागतील, असा माणूस. पिंजऱ्यात ते इतके शोभून दिसायचे ते त्यामुळेच. पाहुणे म्हणायचे, काय अभिनय आहे! अभिनय कसला, ते रोज असेच असत, फक्त त्या दिवशी सगळे त्यांच्याकडे बघत.

अहवाल वाचून झाला की बाई जाहीर करायच्या, "आरोपीस चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्यात येत आहे." टाळ्या, मग चहा. मामांना या दिवसासाठी नाटकाच्या कपाटातला एक करडा, दोन मापं मोठा शर्ट दिलेला होता. मामी तो दरवर्षी धुऊन, इस्त्री करून घरी जपून ठेवायच्या. त्यांच्या घरी त्याला कोर्टाचा शर्ट म्हणत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बाई ग्रंथालयात पुस्तकं परत करायला आल्या होत्या आणि मामा माझ्या डोक्यावरची ट्यूब बदलत होते. ते खाली उतरले, हात पुसले, जरा घुटमळले आणि म्हणाले, "बाई, एक विचारू? तो मुलं अहवाल लिहितात ना, तो खऱ्या कोर्टात कोण लिहितं?"

"कोर्टाने मागवला तर तिथला अधिकारी लिहितो," बाई म्हणाल्या. "का हो?"

"मागवावा लागतो होय," मामा म्हणाले. "तरीच. मी आपला संध्याकाळपर्यंत वाट बघत बसलो."

"कुठे वाट बघत बसलात?"

आणि मग ते सगळं बाहेर आलं, तुकड्यातुकड्याने, जुनी ट्यूब हातात तशीच धरून. मामांनी जुन्या बाजारातल्या नेहमीच्या टपरीवरून एक वापरलेलं ड्रिल मशीन विकत घेतलं होतं. सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं करायचे, त्यासाठी. पुढे तो टपरीवाला चोरीच्या मालासकट पकडला गेला आणि त्याने कोणाकोणाला काय विकलं ते भडाभडा सांगितलं. मामांचं ड्रिल एका बांधकामावरून चोरलेलं निघालं. पोलीस घरी आले, मशीन घेऊन गेले, आणि चोरीचा माल बाळगल्याचा खटला मामांवरही लागला. मशीन तपासायला नेलंय, एवढंच मामांनी घरी सांगितलं; खटल्याचं ना घरी सांगितलं ना कॉलेजात. लाज वाटली, म्हणाले. रजा टाकली, इस्त्रीचा करडा शर्ट घातला आणि एकटेच कोर्टात गेले.

न्यायाधीशांनी विचारलं होतं, वकील हवा का? मामा म्हणाले, "नको साहेब, मला माहीत आहे कसं असतं ते." मग विचारलं, गुन्हा कबूल आहे का? मामांनी मान खाली घातली, हात पुढे बांधले आणि म्हणाले, "कबूल आहे." न्यायाधीशांपुढे प्रकरणांचा ढीग. असा एक साधा माणूस आढेवेढे न घेता कबूल करतोय, म्हणून त्यांनाही बरं वाटलं असावं. दंड आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायचं, एवढीच शिक्षा दिली. मामा मागच्या बाकावर बसले आणि दाराकडे बघत राहिले. आता कोणीतरी फाइल घेऊन येईल आणि आपल्याबद्दल दोन शब्द वाचून दाखवेल, असं त्यांना दिवसभर वाटत होतं. शेवटी शिपाई दिवे बंद करायला आला.

बाईंनी विचारलं, "ड्रिल चोरीचं आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"छे हो. माहीत असतं तर हात लावला असता का?"

"कवडीमोलाने घेतलंत का?"

"नाही हो. बाजारात जो भाव असतो, त्याच भावाने."

"मग कबूल काय केलंत तुम्ही?" बाईंचा आवाज चढला. "मामा, माहीत नसताना घेतलं तर तो गुन्हाच होत नाही! नुसत्या कृतीने गुन्हा होत नाही, मनात खोट लागते. दुसऱ्याची छत्री आपली समजून उचलली तर ती चोरी नव्हे. वर्षानुवर्षं वर्गात ओरडून सांगतेय मी हे. तुम्ही शिडीवरून ऐकलं नाहीत कधी?"

"ऐकलंय की. छत्रीचं ऐकलंय," मामा म्हणाले. "पण ते वर्गातलं. कोर्टात उभं राहिल्यावर कबूलच म्हणायचं असतं ना?"

"कोणी सांगितलं तुम्हाला असं?"

मामा हातातल्या ट्यूबवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "कोणी नाही. असंच." बाईंचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला आणि पटकन माझ्या कपाटांकडे वळले. इतकी वर्षं फटकळ म्हणून नाव कमावलेली मी, पण तेव्हा नुसती पुस्तकं लावत बसले.

दंड भरला, दिवस सरला, संपलं, असं मामांना वाटत होतं. संपलं नव्हतं. गुन्हा शाबीत झालेल्या माणसाचा वायरमनचा परवाना रद्द होतो. आणि आमच्या संस्थेच्या नियमात आहे की अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला नोकरीत ठेवता येत नाही. ही संस्था समाजकार्य शिकवते. भिंतीभिंतीवर माणसाला दुसरी संधी द्या म्हणून फलक लावलेत, त्यांचे खिळेसुद्धा मामांनी ठोकलेत. प्राचार्यांना कळलं तेव्हा त्यांनी पाणी मागवलं आणि म्हणाले, "मला वैयक्तिक फार वाईट वाटतं. पण नियम मी केलेले नाहीत." वरच्या कोर्टात काही होतं का बघा, तोवर बिनपगारी घरी बसा, असं ठरलं. मामांनी शिडी नेहमीच्या जागी टेकवली, किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे दिला आणि माझीच माफी मागून गेले.

बाई दुसऱ्याच दिवशी आपल्या जुन्या सोबत्याकडे गेल्या. दोघांनी वकिली एकत्र सुरू केली होती, तो अजून करतो. मला सोबत नेलं, कारण एकटीने जायचं धैर्य नव्हतं, असं त्यांनी स्वतःच रिक्षात सांगितलं. वकिलाने सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "कबुली दिली की अपील फार तर शिक्षेपुरतं. तुला मी काय सांगायचं?"

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"एकच वाट आहे. आपण काय कबूल करतोय हे त्याला समजलंच नव्हतं, असं दाखवायचं. पण वरचा न्यायाधीश पहिला प्रश्न विचारेल, वेडा नाही, बहिरा नाही, मग समजलं का नाही? त्याचं उत्तर लागेल. तुझ्या सहीने."

बाईंनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा माझ्या टेबलावर बसून लिहिला. पहिल्यांदा लिहिलं, सदर इसमास न्यायालयीन प्रक्रियेबाबत गैरसमज होता. वकिलाने परत पाठवलं, कशामुळे? मग लिहिलं, शैक्षणिक उपक्रमातील सहभागामुळे. तेही परत आलं. कोणाच्या उपक्रमातील? प्राचार्य येऊन सांगून गेले की संस्थेचं नाव कुठे येणार नाही एवढं बघा. मामांचा तर फोनच आला. "ताई, बाईंना सांगा, त्यांचं नाव घालू नका. मी सांगतो माझं डोकं दुखत होतं त्या दिवशी." बाई कागद पुढ्यात घेऊन बसून राहायच्या. हुशार बाई, पण 'मी' हा शब्द काही लिहवेना. मला राग यायचा आणि दयाही यायची. एकदा मी म्हणाले, "बाई, अहो, माणूस घरी बसलाय." त्या म्हणाल्या, "तुला काय जातंय? त्या कोर्टात माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आज सरकारी वकील आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे मला."

आणि मग मामी आल्या. मामांनी घरी शेवटी सांगितलं होतं. मामी कॉलेजच्या पायऱ्या कधी चढल्या नव्हत्या, खोट्या कोर्टालाही कधी आल्या नव्हत्या. सासूबाईंकडे बघायला घरी कोणी नसायचं ना. त्यांनी पिशवीतून तो करडा शर्ट काढला, घडी मोडू न देता माझ्या टेबलावर ठेवला.

"हा तुमचा. परत द्यायला आले," त्या बाईंना म्हणाल्या.

"मामी, बसा ना जरा."

"बसत नाही. एकच सांगायचं होतं." त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "दरवर्षी घरी येऊन ते हौसेने सांगायचे. आज मी हे चोरलं, आज मी त्याला मारलं, बाईंनी मला सोडलं. मी हसायचे. बरं वाटायचं की कॉलेजात माझ्या माणसाला मान आहे. पण बाई, इतकी वर्षं तुमच्याच हातात होतं की हो सगळं. गुन्हा तुमचा, कोर्ट तुमचं, निकाल तुमचा. त्यांना एकदा तरी निर्दोष सोडायचं होतंत. एकदा तरी. तसंही असतं, हे त्यांना कळलं असतं."

मामी गेल्या. बाई शर्टाकडे बघत बसल्या होत्या. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही, नवा कागद ओढला आणि पहिलंच वाक्य लिहिलं, मी या माणसाला दरवर्षी गुन्हा कबूल करायला शिकवलं. पुढचं पान त्यांनी न थांबता लिहिलं. मी ते वाचलं. त्यात कुठेही उपक्रम हा शब्द नव्हता.

वरच्या कोर्टात आमचं प्रकरण पुकारलं तेव्हा खोलीत बरेच काळे कोट होते. सरकारी वकील बाईंच्या हाताखाली शिकलेलाच निघाला. बाईंना बघून तो अर्धा उठला, मग कोणत्या बाजूच्या आहेत ते लक्षात येऊन पुन्हा बसला. न्यायाधीशांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, पान उलटून पुन्हा वाचलं आणि बाईंना उभं राहायला सांगितलं.

"हे खरं आहे? आरोपीने प्रत्येक वेळी कबुलीच द्यायची, असं तुम्ही ठरवून दिलं होतं?"

"हो."

"का?"

"वेळ वाचायचा," बाई म्हणाल्या. "आणि मुलांना अहवालाचे मार्क असायचे."

"तुम्ही शिकवता काय?"

"फौजदारी कायद्याची मूलतत्त्वे."

मागे कोणीतरी हसलं आणि ते खोकल्यात लपवलं. बाईंची मान खाली गेली. हात नकळत पुढे बांधले गेले. त्या अशा उभ्या राहिल्या तेव्हा मला धस्स झालं, कारण ती ढब मी दरवर्षी सभागृहात बघत आले होते. मामा माझ्या शेजारी बसले होते. ते कासावीस होऊन कुजबुजले, "ताई, बाईंना बसायला सांगा ना कोणीतरी. त्यांना किती वेळ उभं करतात!" न्यायाधीशांनी मात्र अजून बरंच विचारलं. खालच्या कोर्टाने काय समजावून सांगितलं नव्हतं, तेही विचारलं. शेवटी म्हणाले की ही कबुली समजून दिलेली दिसत नाही, शिक्षा रद्द, आणि प्रकरण खालच्या कोर्टाने पुन्हा पहिल्यापासून चालवावं. बाहेर आल्यावर सरकारी वकील बाईंच्या जवळ आला. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण सुचलं नाही. "तब्येत बरी ना, मॅडम?" एवढं विचारून त्याने काढता पाय घेतला.

पुन्हा पहिल्यापासून म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. वकिलाने मामांची शिकवणीच घेतली. "फक्त दोन शब्द, मामा. कबूल नाही. म्हणा बघू." मामा म्हणायचे, पण असे की जणू दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलतायत. "पण मशीन माझ्याकडे सापडलं होतं ना साहेब? ते खोटं कसं म्हणू?" वकील कपाळाला हात लावायचा. मग बाईंनीच समजावलं, या वेळी अगदी हळू आवाजात, की मशीन सापडलं हे खरंच आहे, ते कोणी नाकारत नाही. तुमच्या मनात चोरी होती का, एवढंच विचारतायत. "नव्हती," मामा म्हणाले. "मग तेवढंच सांगायचं," बाई म्हणाल्या.

तारखेच्या दिवशी मामींनी त्यांना नवा निळा शर्ट घालून पाठवलं होतं, त्यांच्या मापाचा. खालच्या कोर्टातले न्यायाधीश आधीचेच होते. मामा पिंजऱ्यात चढले आणि त्यांनी सवयीने पहिल्यांदा बाईंकडे बघितलं. इतकी वर्षं तो प्रश्न बाईच विचारत आल्या होत्या. बाईंना ते कळलं. त्यांनी चटकन मान वळवली आणि खिडकीच्या गजांकडे बघत राहिल्या, म्हणजे मामांना कसलीच खूण सापडू नये.

"गुन्हा कबूल आहे का?"

मामांनी मान खाली घातली. हात पुढे आले. खोलीतला पंखा खडखडत होता, आणि मला उगीचच वाटलं की ते आधी तोच दुरुस्त करायला जातील.

"कबूल नाही, साहेब," मामा म्हणाले. "माफ करा."

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले, पण लगेच सावरले. "माफी कशाबद्दल मागता?"

मामा गोंधळले. "सवय आहे, साहेब."

लिहून घेणाऱ्याने विचारलं, नेमकं काय लिहू? न्यायाधीश म्हणाले, "फक्त पहिलं. ते दुसरं लिहू नका." हसणाऱ्यांत मी नव्हते. बाई तर अजून खिडकीकडेच बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता.

खटला रखडत रखडत चालला, कोर्टात चालतो तसा. टपरीवाल्याने साक्ष दिली की हा माणूस नेहमी भाव न करता घेतो, म्हणून मलाच त्याला फसवायला वाईट वाटायचं. पोलिसांना एवढंच सांगता आलं की मशीन त्यांच्या घरी भिंतीला टांगलेलं होतं, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं. चोरीचं आहे हे मामांना माहीत होतं याला कसलाच पुरावा नव्हता. निकालाच्या दिवशी आम्ही तिघी मागच्या बाकावर होतो, मामी, बाई आणि मी. मामी आणि बाई शेजारी बसल्या होत्या, पण दोघींच्या मध्ये बाईंची पर्स होती.

न्यायाधीशांनी थोडं वाचलं आणि म्हणाले, "आरोपी निर्दोष. सोडण्यात येत आहे." त्यांनी पुढची फाइल ओढली. पुढचं नाव पुकारलं गेलं. मामींनी तोंडावर हात दाबून धरला होता.

मामा पिंजऱ्यातच उभे होते. हात पुढे बांधलेले, चेहऱ्यावर ती ओळखीची लाज, आणि नजर दाराकडे, आता पुढे काय होतं याची वाट बघणारी. हमी नाही, अहवाल नाही, टाळ्या नाहीत. निर्दोष म्हटल्यावर पुढे काय करायचं असतं, हे त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं. पुढचा आरोपी येऊन पायरीपाशी खोळंबला. शिपाई म्हणाला, "अहो, झालं तुमचं." तरी ते हलेनात. त्यांना वाटलं असावं की अजून काहीतरी बाकी आहे.

तेव्हा बाई उठल्या. भर कोर्टात, पुढच्या प्रकरणाचे वकील बोलत असताना, त्या पिंजऱ्यापाशी गेल्या. न्यायाधीशांनी वर बघितलं, पण अडवलं नाही. बाईंनी कठड्यावरचा मामांचा हात धरला.

"मामा, उतरा. घरी जायचं."

"असंच?" मामांनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "असंच."

मामा उतरले. उतरताना पायरीपाशी उभ्या असलेल्या आरोपीला, वाट अडवल्याबद्दल, माफ करा म्हणाले. बाईंनी ते ऐकलं, आणि दारापर्यंत त्यांना मान वर करता आली नाही.